न्हाणीघरातली चांदी

दिवाळीत फोटो निघाला नाही असे घर आज शोधून सापडणार नाही. फराळाचे ताट, दारातली रांगोळी, नव्या साडीतल्या वहिनी, सारे क्षणात टिपले जाते आणि पाडव्यापर्यंत फोनच्या पोटात गडप होते. पुढच्या वर्षी त्यातले एखादे चित्र दाखवा म्हटले, तर घरातले चिरंजीव अर्धा तास काचेवर बोट घाशीत बसतात! आजीची ट्रंक मात्र उघडून पाहा. मुंजीचा कृष्णधवल फोटो साठ वर्षांनंतरही जागच्या जागी असतो. त्यातला काळा रंग म्हणजे चांदीचे बारीक कण. नीट धुतलेले असले तर ते पिढ्यान् पिढ्या टिकतात.

ही चांदी घरी उमटवता येते. कृष्णधवल फिल्म आजही मिळते. छत्तीस चित्रांचे एक रीळ, एक जुना कॅमेरा आणि रात्रीपुरते मोकळे न्हाणीघर एवढ्यावर उल्हासनगर-बदलापूरच्या दोन खोल्यांतही ही हौस भागते.

सरस्वतीबाईंचा अंधार

घरातल्या घरात फिल्म धुण्याचा आपला सर्वांत थोर दाखला आहे दादासाहेब फाळक्यांच्या दादरच्या घराचा. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. दादासाहेबांचे नाव सर्वतोमुखी झाले. पण कच्च्या फिल्मला अंधारात भोके पाडणे आणि ती धुणे या कामांत त्यांना साथ होती ती पत्नी सरस्वतीबाईंची. दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक आणि रात्री फिल्म! भारतीय चित्रपटाचा पाळणा असा एका गृहिणीने हलवला. तेव्हा ‘हे बायकांचे काम नव्हे’ असे कोणी म्हणाले, तर त्याला खुशाल हा दाखला द्यावा.

काळ्या पाषाणाची परीक्षा

पहिले रीळ कुठे संपवावे? अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले हे शिलाहारांचे देऊळ काळ्या दगडाचे आहे, आणि इथेच नवशिक्याची परीक्षा होते. कॅमेऱ्यातले उजेडाचे मापक काळ्या दगडालाही करडाच समजते आणि भलताच जास्त उजेड आत घेते. त्यावर सोपी युक्ती अशी : त्याच उन्हात आपला तळहात धरावा, त्यावर उजेड मोजावा आणि एक स्टॉप वाढवावा. मापक नसेल, तर शंभर वेगाच्या फिल्मला लख्ख उन्हात एफ-१६ आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग हे कोष्टक पाठ करावे. सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव मूर्ती उठून दिसतात. भर दुपारी त्यांचे चेहरे सावलीत बुडतात.

थंड पाणी, थोडा धीर

रात्री न्हाणीघराची खिडकी काळ्या कागदाने बंद करा. आत पाच मिनिटे बसा. आपला हात दिसला, तर कुठे तरी फट आहे असे समजा. या काळोखात फिल्म चक्रीवर गुंडाळून डब्यात घालायची. लाल दिवासुद्धा चालत नाही. डबा बंद झाला की दिवा लावा.

पुढचे काम पाककृतीसारखेच आहे. १९२७ पासून नावाजलेल्या डी-७६ डेव्हलपरची कृती पाहा : एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. तापमान हवे २० अंश. एप्रिलमध्ये आपल्या नळाला तर सोसवेना इतके कोमट पाणी येते! म्हणून बाटल्या बर्फाच्या परातीत ठेवाव्यात. पाणी गरम असेल तर फिल्म फार लवकर उमटते आणि डाग पडतात. सगळ्या पाण्यांचे तापमान सारखे हवे. एकदम गरम-थंड झाले, तर फिल्मवरचा थर सुरकुततो. डेव्हलपरनंतर हायपो, मग भरपूर धुणे, आणि शेवटी दोरीवर चिमटा लावून वाळत घालणे.

कागदावर छापणे त्याहून मजेचे. इथे लाल दिवा चालतो. कागदावर निगेटिव्ह, वर काच, काही सेकंद उजेड. मग कागद ताटलीत बुडवला की कोऱ्या पांढऱ्यातून देवळाचे शिखर हळूहळू वर येते. मुलांना हे दाखवाच. शास्त्राचा हा धडा ती जन्मभर विसरणार नाहीत.

दोन पथ्ये मात्र कडक पाळावीत. मापे आणि ताटल्या स्वयंपाकघरातल्या नकोत. आणि द्रव सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये. मेटॉलने काहींच्या हाताला खाज सुटते, तेव्हा रबरी मोजे घालावेत.

मोरीच्या पलीकडे

आणि वापरलेला हायपो? तो मोरीत ओतण्याचा मोह होतो. पण फिल्मवरून निघालेली चांदी त्यात विरघळलेली असते आणि पाण्यातल्या जिवांना ती विषारी ठरते. अंबरनाथच्या त्याच देवळाजवळून वालधुनी वाहते. कारखान्यांच्या सांडपाण्याने तिचे काय झाले आहे, ते उल्हासनगरकरांना नाकाने कळते. आपली वाटी छोटी खरी, पण तिच्यात आणखी भर घालायचे कारण नाही. हायपो एका प्लॅस्टिकच्या डब्यात साठवावा आणि त्यात लोखंडी तारेचा घासणीचा बोळा टाकावा. चांदी गाळ होऊन लोखंडापाशी बसते. तो गाळ आणि उरलेला द्रव चांदी गाळणाऱ्या किंवा घातक कचरा घेणाऱ्या माणसाकडे सोपवावा.

फाळणीत घरदार मागे टाकून आलेल्यांची वस्ती कल्याणच्या लष्करी छावणीत झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. सारे मागे राहिले असता वडिलांचा एखादा फोटो बरोबर आला असेल, तर त्याचे मोल तेथल्या एखाद्या आजींना विचारावे. आपल्या नातवंडांनाही उद्या असेच काही हातात धरावेसे वाटेल. या दिवाळीत सगळे घर दारात उभे करा, एकच चित्र घ्या, आणि ते स्वतःच्या हाताने धुऊन ट्रंकेत ठेवा.