पंधरा मतं पुरत नाहीत तेव्हा

जुलै १९९७. आजच्या उत्तर मॅसेडोनियातलं गोस्तिवार हे शहर. नगरपालिकेच्या इमारतीसमोर अल्बेनियन आणि तुर्की झेंडे फडकत होते. शहरात या दोन्ही समाजांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची. देशाच्या घटनात्मक न्यायालयाने झेंडे उतरवण्याचा आदेश दिला होता, तो नगराध्यक्षांनी मानला नाही. शेवटी पोलीस आले, जमावाशी झटापट झाली आणि तीन माणसांचा जीव गेला. नगराध्यक्ष तुरुंगात गेले.

चार वर्षांनी, २००१ मध्ये, अल्बेनियन बंडखोर आणि सरकारी फौजा यांच्यात लढाई पेटली. लाखाहून अधिक लोकांना घरदार सोडावं लागलं. १३ ऑगस्ट २००१ रोजी ही लढाई मिटवणाऱ्या ओह्रिड करारावर सह्या झाल्या. सह्या करणाऱ्यांत राष्ट्राध्यक्ष बोरिस ट्रायकोव्स्की, दोन मॅसेडोनियन पक्षांचे आणि दोन अल्बेनियन पक्षांचे नेते होते. त्यानंतर नाटोच्या सैनिकांनी महिनाभरात ३,८७५ शस्त्रं गोळा केली.

बंदुका जमा करायला एक महिना पुरला. पण कालपर्यंत एकमेकांना घाबरणाऱ्या लोकांनी एकाच सभागृहात बसून पाणी, शाळा आणि रस्त्यांचे निर्णय घ्यायचे कसे, याची घडी बसवायला वर्षं लागली. हे काम वकिलांचं होतं, अनुवादकांचं होतं, जनगणना अधिकाऱ्यांचं, पालिकेच्या सचिवांचं आणि पोलिसांना शिकवणाऱ्यांचं होतं. यांतल्या बहुतेकांची नावं कुठे छापून येत नाहीत. त्यांनी उभी केलेली व्यवस्था चालते कशी, ते एकेक पायरी उतरून पाहू.

पाया: वाटणी नाही, वाटप

ओह्रिड कराराच्या सुरुवातीलाच एक तत्त्व मांडलं आहे. वांशिक प्रश्नांना प्रदेशाचे तुकडे पाडून उत्तर मिळत नाही. बोस्नियात अशा तुकड्यांपायी काय झालं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून इथे जमिनीची वाटणी न करता अधिकारांचं वाटप करायचं ठरलं. नोव्हेंबर २००१ मध्ये घटना दुरुस्त झाली, २००२ च्या आरंभी स्थानिक स्वराज्याचा नवा कायदा आला आणि १ जुलै २००५ पासून शाळा, बालवाड्या, नगररचना, सांस्कृतिक संस्था यांचा कारभार नगरपालिकांकडे जायला लागला.

या रचनेत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. देशभरात मॅसेडोनियन लोक बहुसंख्य आहेत. पण तेतोवो किंवा गोस्तिवारमध्ये अल्बेनियन बहुसंख्य, राजधानी स्कोप्येच्या शुतो ओरिझारी भागात रोमा बहुसंख्य, प्लास्नित्सासारख्या ठिकाणी तुर्क बहुसंख्य. म्हणजे अल्पसंख्याक ही कुणाच्या कपाळावर कायमची कोरलेली ओळख नाही. आपण कोणत्या वेशीच्या आत उभे आहोत, त्यावर ती ठरते. स्कोप्येत बहुसंख्य असलेला माणूस बसने तासाभरात तेतोवोत उतरला की तिथे अल्पसंख्य होतो. म्हणून नगरपालिकेच्या पातळीवर केलेलं संरक्षण सगळ्यांच्याच कामाचं ठरतं, आणि बहुसंख्य समाजाला ते पटवून देण्याचा सर्वांत सरळ मार्गही हाच.

पहिली पायरी: मोजणी

हक्कांची सुरुवात आकड्यापासून होते. करारातला कळीचा आकडा आहे २० टक्के. एखाद्या नगरपालिकेत एखाद्या भाषेचे लोक २० टक्के किंवा त्याहून जास्त असतील, तर मॅसेडोनियनच्या जोडीने ती भाषाही तिथे कामकाजाची अधिकृत भाषा होते. त्याहून कमी असतील तर निर्णय पालिकेच्या परिषदेवर सोपवला आहे. क्रुशेवो या डोंगरातल्या लहानशा शहरात व्लाख लोक सुमारे १० टक्केच होते, तरी तिथे त्यांच्या भाषेला मान्यता मिळाली.

२००२ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या २०,२२,५४७ भरली. त्यात मॅसेडोनियन सुमारे ६४ टक्के, अल्बेनियन २५ टक्के, तुर्क जवळपास ४ टक्के. पण हक्क आकड्यावर टांगले की मोजणीच भांडणाचं मूळ होते. परदेशी कामाला गेलेल्यांना मोजायचं की नाही? दारात कोणत्या समाजाचा प्रगणक पाठवायचा? ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झालेली जनगणना याच वादात अर्ध्यावर थांबवावी लागली. परिणाम असा की २०२१ ची मोजणी होईपर्यंत, म्हणजे जवळपास वीस वर्षं, सगळे हक्क २००२ च्या आकड्यांवर चालले. प्रगणकांच्या जोड्या कशा लावायच्या, अर्ज किती भाषांत छापायचा, हे किरकोळ वाटणारे प्रश्न किती महत्त्वाचे असतात, ते इथे कळतं.

आपल्यालाही ही आकड्याची भाषा परकी नाही. भारतात भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ पासून आखलेल्या संरक्षणांत, जिथे एखादी भाषा बोलणारे किमान १५ टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेत द्याव्यात, असं सूत्र आहे. बेळगावातले मराठी भाषक पालिकेची कागदपत्रं मराठीत मागतात, तेव्हा ते याच प्रकारचा हक्क मागत असतात.

दुसरी पायरी: वेशी

टक्केवारी ठरते ती सीमेवरून. सीमा हलली की टक्का हलतो. २००४ मध्ये १२३ नगरपालिका कमी करून ८४ करायचा कायदा आला. स्त्रुगा शहराला आजूबाजूची अल्बेनियन गावं जोडली, त्यामुळे शहराचं पारडं फिरलं. त्या उन्हाळ्यात स्त्रुगात निदर्शकांची पोलिसांशी चकमक झाली. राजधानी स्कोप्येलाही काही वस्त्या जोडल्या आणि तिथे अल्बेनियनांचं प्रमाण सुमारे २०.५ टक्क्यांवर गेलं, म्हणजे राजधानी दुभाषिक होण्यापुरतं. कायद्याविरुद्ध ७ नोव्हेंबर २००४ रोजी सार्वमत झालं, पण निम्मे मतदारही बाहेर पडले नाहीत आणि ते बाद ठरलं. किचेवो शहराचं आजूबाजूच्या गावांशी विलीनीकरण तर इतकं नाजूक होतं की ते २०१३ पर्यंत पुढे ढकललं गेलं.

जे काम शांतपणे, लोकांना विश्वासात घेऊन व्हायचं, ते बंद दाराआड झालं की रस्त्यावर येतं. नकाशा योग्य असला तरी तो कसा आखला गेला, हे लोक विसरत नाहीत.

तिसरी पायरी: खिडकीवरची भाषा

आता पालिकेत शिरू. समजा, एका आजीला नातवाचा जन्मदाखला हवा आहे आणि तिला फक्त अल्बेनियन येतं. २० टक्क्यांच्या नियमाने ती आपल्या भाषेत अर्ज करू शकते, उत्तरही त्या भाषेत मागू शकते. कायद्यात हे एक वाक्य आहे. प्रत्यक्षात त्यासाठी खिडकीमागे दोन्ही भाषा जाणणारा कारकून लागतो, दोन लिप्यांतले छापील नमुने लागतात, सभेची विषयपत्रिका आणि इतिवृत्त दोन्ही भाषांत वेळेवर हवं, आणि सभागृहात दुभाषा हवा.

सगळ्यात अवघड काम शब्दांचं. मालमत्ता कर, बांधकाम परवाना, हरकत यांसाठी दोन्ही भाषांत एकच नेमका शब्द ठरलेला नसेल, तर एकाच ठरावाचे दोन अर्थ निघतात आणि प्रकरण कोर्टात जातं. म्हणून अनुवादकाची शब्दसूची हा शांततेचा एक दस्तऐवजच असतो. अनुवादकाचं पद रिकामं राहिलं की हक्क कागदावर राहतो.

चौथी पायरी: दुहेरी मोजणी

या व्यवस्थेचं हृदय इथे आहे. फ्रेंच कायदेपंडित रोबेर बादांतेर यांच्या नावाने तो नियम ओळखला जातो. संस्कृती, भाषांचा वापर, पालिकेचं चिन्ह आणि झेंडा असे विषय परिषदेत आले की मतं दोनदा मोजायची.

एक कल्पित उदाहरण घेऊ. परिषदेत २३ सदस्य हजर आहेत. १५ तिथल्या बहुसंख्य समाजाचे, ८ इतर समाजांचे. पालिकेचं नवं चिन्ह मंजूर करायचं आहे आणि त्यावर एकाच समाजाचं प्रतीक आहे. साध्या बहुमताला १२ मतं पुरतात. बहुसंख्य समाजाच्या पंधराही जणांनी हात वर केला, आणि इतरांपैकी तिघांनी. एकूण १८. पण दुसरी मोजणी बाकी आहे: आठांपैकी किमान पाच हवेत. तीनच आहेत. ठराव पडला.

आता चिन्ह बदलून आणलं. या वेळी बहुसंख्य समाजाचे दहाच जण बाजूने आहेत, पण आठांपैकी पाच जण आले. एकूण १५. दोन्ही मोजण्या जुळल्या, ठराव पास. अठरा मतं हरली आणि पंधरा जिंकली, कारण या पंधरांत दोन्ही बाजू आहेत. एकट्या एका समाजाची पंधरा मतं मात्र पुरत नाहीत. रस्ता, गटार, दिवाबत्ती अशा विषयांना हा नियम लागत नाही, त्यामुळे रोजचा कारभार अडत नाही. फक्त जिथे ओळखीला धक्का लागू शकतो, तिथेच थांबून दुसऱ्याला विचारावं लागतं.

पाचवी पायरी: सारख्या खुर्च्या

मतदानाच्या आधी बोलणं व्हायला हवं. त्यासाठी २० टक्क्यांचा उंबरठा ओलांडलेला समाज असलेल्या प्रत्येक नगरपालिकेत समाजांमधल्या संबंधांची समिती नेमणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथल्या प्रत्येक समाजाचे प्रतिनिधी समान संख्येने. गावात पाच हजार असोत की पाचशे, खुर्च्या सारख्याच. ही समिती तक्रारी ऐकते, मत कळवते, आणि परिषदेला त्या मतावर चर्चा करून निर्णय घ्यावाच लागतो.

अनेक ठिकाणी अशी समिती नावापुरती नेमली जाते आणि बैठक वर्षवर्ष होत नाही. ती चालती ठेवणं हे सचिवाचं काम: विषय वेळेवर पाठवणं, इतिवृत्त ठेवणं, लहान समाजातल्या सदस्याला आधी फोन करणं, त्याला बोलतं करणं. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेचं पथक १९९२ पासून स्कोप्येत आहे. अशा समित्या चालत्या करणं हा त्याच्या कामाचा एक भाग राहिला आहे. त्याच संघटनेचे अल्पसंख्याकविषयक पहिले उच्चायुक्त मॅक्स फान डर स्टूल यांनी गाजावाजा न करता, दोन्ही बाजूंशी खासगीत बोलत काम केलं. तेतोवोत २००१ मध्ये सुरू झालेलं बहुभाषिक विद्यापीठ त्यांच्या प्रयत्नांतून उभं राहिलं.

सहावी पायरी: ठाणं

लढाईनंतर लोकांना सर्वांत जास्त भीती असते गणवेशाची. म्हणून स्थानिक पोलीसप्रमुखाच्या निवडीत परिषदेला वाटा मिळाला: गृह मंत्रालय किमान तीन नावं सुचवतं आणि परिषद त्यातून एकाची निवड करते. शिवाय बहुसंख्य नसलेल्या समाजांतून ५०० नवे पोलीस जुलै २००२ पर्यंत आणि आणखी ५०० जुलै २००३ पर्यंत घ्यायचे, असं करारातच लिहिलं होतं. रस्त्यावर दोन समाजांचे शिपाई एकाच गाडीत दिसू लागले, की घरी परतणाऱ्या कुटुंबाला करारातल्या कुठल्याही कलमापेक्षा जास्त धीर येतो.

जिथे व्यवस्था तोकडी पडते

२० टक्क्यांची रेघ मोठ्या समाजाला वर उचलते, पण देशभर विखुरलेले रोमा, तुर्क, व्लाख बहुतेक ठिकाणी त्या रेघेखाली राहतात. त्यांच्यासाठी २००८ मध्ये वेगळा कायदा आणि वेगळी यंत्रणा करावी लागली. शाळाही अजून दुखरी जागा आहे. मुलं आपापल्या भाषेत शिकतात, हा त्यांचा हक्कच. पण कित्येक शाळांत एक समाज सकाळी येतो आणि दुसरा दुपारी, म्हणजे एकाच बाकावर बसणारी मुलं एकमेकांना कधी भेटतच नाहीत. भाषेचा हक्क जपायचा आणि मैत्रीची वाटही मोकळी ठेवायची, हे पुढचं काम आहे.

पुन्हा गोस्तिवारकडे येऊ. २००५ मध्ये झेंड्यांचा कायदा झाला आणि नगरपालिकेत बहुसंख्य असलेल्या समाजाला आपला झेंडा लावण्याची मुभा मिळाली. दोन वर्षांनी घटनात्मक न्यायालयाने त्यातला काही भाग रद्द केला. वाद संपला नाही. पण आता तो अर्जातून, सुनावणीतून, परिषदेच्या मतांतून आणि न्यायालयाच्या निकालातून पुढे सरकतो. १९९७ मध्ये ज्या प्रश्नावर तीन जीव गेले, त्याच प्रश्नाची आता फाईल होते. ती फाईल दोन्ही भाषांत नीट लिहून, वेळेवर पुढच्या टेबलावर नेणाऱ्या माणसांमुळे गावात शांतता टिकते.