तीन गोळ्यांनंतरही बीपी का उतरत नाही?

तीन-तीन गोळ्या चालू आहेत, पथ्य पाळतोय, तरी बीपी १६०च्या खाली यायला तयार नाही. अशा घरात मग चौथ्या गोळीची वाट पाहिली जाते. माझं म्हणणं एवढंच, की ती गोळी लिहून घेण्याआधी पहिल्या तीन गोळ्यांना कोण हरवतंय याचा शोध घ्या.

वेगवेगळ्या गटांतली तीन औषधं, त्यांत एक लघवीची गोळी, पुरेशा डोसमध्ये घेऊनही दाब चढाच राहिला, तर डॉक्टर त्याला ‘रेझिस्टंट हायपरटेन्शन’ म्हणतात. पण गोळ्या खरोखर रोज पोटात जातात का? एसटीने गावाला जायचं, लग्नाला जायचं म्हटलं की आधी लघवीची गोळी चुकते, कारण वाटेत स्वच्छतागृहाची खात्री नसते. बायकांना तर हा त्रास जास्तच. हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका. गोळीची वेळ बदलून मिळते.

मोजणीही तपासून घ्या. जिना चढून आल्या आल्या, बोलता बोलता, जाड दंडाला लहान पट्टा बांधून घेतलेला आकडा फसवा असतो. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हात छातीच्या पातळीवर ठेवा आणि मग मोजा. दवाखान्यातच चढणारं बीपी ओळखायला घरची नोंद किंवा चोवीस तास दंडावर राहणारं यंत्र उपयोगी पडतं.

आता मिठाकडे येऊ. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात अशाच हट्टी बीपीच्या १२ रुग्णांना एक आठवडा भरपूर मीठ आणि एक आठवडा अगदी कमी मीठ दिलं गेलं. गोळ्या त्याच ठेवल्या होत्या. २००९ साली निष्कर्ष छापून आले: कमी मिठाच्या आठवड्यात वरचा आकडा सरासरी २२.७ने कमी होता. रुग्ण थोडेच होते, पण एवढी घट एखाद्या गोळीनेही सहज मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहून कमी मीठ सांगते. आपल्याकडे ते मीठ भाजी-आमटीबरोबरच लोणचं, पापड, फरसाण, सुकट आणि खारी यांतूनही नकळत जातं. उपासाचं सैंधवही शेवटी मीठच आहे. पोटॅशियमवालं ‘लो सोडियम’ मीठ अनेकांना उपयोगी ठरतं, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असतील तर ते धोक्याचं. आधी विचारा.

गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन शरीरात मीठ-पाणी अडवून ठेवते आणि बीपीच्या औषधांचा जोर कमी करते. खोकल्यासाठी रोज चघळलेला जेष्ठमधही बीपी वाढवतो आणि पोटॅशियम उतरवतो. झाडपाला आहे, काय बिघडणार, असं म्हणून तो कुणी डॉक्टरांना सांगतच नाही.

जेष्ठमध शरीरात जे करतो, त्याच्याशी मिळताजुळता एक आजार आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक प्रमाणाबाहेर बनवतात आणि मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात. अमेरिकन डॉक्टर जेरोम कॉन यांनी १९५५ साली याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पोटॅशियम नॉर्मल असलं तरी हा आजार असू शकतो. अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांची रक्ततपासणी त्याचा संशय पक्का करते. एकाच ग्रंथीचा दोष निघाला तर शस्त्रक्रियेने बीपी पुष्कळच आटोक्यात येतं. ही तपासणी फार कमी रुग्णांची होते, याचं वाईट वाटतं.

जोरात घोरणारा, झोपेत श्वास अडकून दचकणारा आणि दिवसभर पेंगणारा माणूस घरात असेल, तर त्याची झोपेची तपासणी करून घ्या. हट्टी बीपीमागे हे कारण वारंवार सापडतं.

एवढं करूनही दाब उतरला नाही, तर चौथी गोळी घ्यावीच. ब्रिटनमधल्या ‘पाथवे-२’ या २०१५च्या अभ्यासात स्पायरोनोलॅक्टोन हे जुनं औषध इतर पर्यायांपेक्षा सरस ठरलं. मात्र ते चालू असताना रक्तातलं पोटॅशियम तपासत राहावं लागतं. मूत्रपिंडाच्या धमनीभोवतीच्या नसा निकामी करण्याच्या उपचाराला अमेरिकेने २०२३ साली मान्यता दिली. तो निवडक रुग्णांसाठीच आहे आणि त्याने गोळ्या सहसा सुटत नाहीत.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घरातली प्रत्येक स्ट्रिप, काढा आणि चूर्ण एका पिशवीत घालून घेऊन जा, सोबत आठवड्याची बीपीची वही. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. आणि वाढलेल्या बीपीबरोबर छातीत दुखलं, बोलणं अडखळलं किंवा एक हात लुळा पडला, तर वहीत लिहीत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.