लेसर सेन्सर घेताय? दोन आकड्यांची गल्लत नको

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. आज शेजारच्या कबनूरमध्येही मागांचा खडखडाट ऐकू येतो. सायझिंग-वार्पिंगच्या यंत्रावर आता बीमचा व्यास हात न लावता मोजणारा लेसर सेन्सर बसवता येतो.

विक्रेत्याच्या कागदावर दोन आकडे असतात. सेन्सर सेकंदाला किती वेळा मोजतो, हा एक. मोजलेले माप सेकंदाला किती वेळा यंत्राला कळवतो, हा दुसरा. दोन्ही जितके मोठे तितका माल चांगला, असा समज करून घेऊ नये.

समजा, वार्पिंग मिनिटाला ६०० मीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर चालले आहे. बीमचा व्यास ६४ सेंटिमीटर झाला की घेर साधारण २ मीटर होतो. म्हणजे बीम सेकंदाला ५ फेरे घेतो. जुन्या यंत्रावर बीम थोडा डोलतोच. सेन्सर सेकंदाला ५ वेळाच मोजत असेल तर दर फेऱ्याला जवळपास तीच जागा त्याच्यासमोर येते. पुढे व्यास वाढतो, फेरे मंदावतात आणि ती जागा हळूहळू सरकते. यंत्राला वाटते, बीम फुगतोय आणि आटतोय! या मापावर सुताचा ताण ठरत असेल तर सूत कधी ओढले जाते, कधी सैल पडते. पुढे मागावर धागे तुटतात आणि बोल मात्र जॉबरला बसतो.

अशा ठिकाणी मोजणी सेकंदाला ५०० आणि कळवणे ५ ठेवावे. एका फेऱ्यातल्या १०० मापांची सरासरी निघते आणि डोलणे त्यात बहुतेक जिरते. मात्र काही सेन्सर सरासरी काढतच नाहीत. ते शेवटचे माप तेवढे पाठवतात, बाकीची ९९ वाया. सरासरीची सोय आहे का आणि ती वेगळी चालू करावी लागते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

कळवणेही ५०० केले तर? सिरियल तारेचा वेग ९६०० असेल तर सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे जातात. एक माप ८ अक्षरांचे धरले तर १२० मापेच पोचतात. उरलेली गळतात किंवा तुंबतात, आणि तुंबली तर यंत्र शिळ्या मापावर चालते.

कापडातला जोड पकडायचा असेल तर हिशेब उलटा. कापड मिनिटाला ३० मीटर सरकत असताना सेकंदाला ५० मापे म्हणजे दर १० मिलिमीटरला एक. ५ मिलिमीटरचा जोड मधूनच निसटेल. इथे सरासरी कमी आणि दोन्ही वेग जास्त हवेत.

गडद रंगावरून प्रकाश कमी परततो, त्यामुळे अनेक सेन्सरना तिथे मोजायला जास्त वेळ लागतो. विक्रेता प्रात्यक्षिक पांढऱ्या सुतावर दाखवील. आपण कारखान्यातला सर्वांत काळा बीम पुढे करावा.