दोघांची एक रात्र मचाणावर

वीकएंडला दोघांनीच कुठेतरी जायचं ठरलं की डोळ्यांसमोर रिसॉर्ट, स्विमिंग पूल आणि सेल्फी येतात. पण काही जोडपी दर उन्हाळ्यात एका रात्रीसाठी वेगळीच बॅग भरतात. तिच्यात पाण्याच्या बाटल्या, पोळीभाजीचा डबा, दुर्बीण, वही आणि पेन्सिल असते. त्यांचा मुक्काम असतो जंगलातल्या पाणवठ्याकाठी, मचाणावर, आणि तिथे ती जातात वन विभागाचे स्वयंसेवक म्हणून.

बुद्ध पौर्णिमाच का?

मेळघाट, ताडोबा, पेंच, नागझिरा ही विदर्भातली जंगलं पानगळीची आहेत. मे महिन्यात ती पार वाळून जातात. चंद्रपूरकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, ओढे आटतात आणि मोजकेच पाणवठे उरतात. त्यामुळे बहुतेक प्राण्यांना दिवसरात्रीत कधीतरी तिथे यावंच लागतं. त्यात सागाची पानं झडलेली असल्यानं पौर्णिमेचं चांदणं थेट जमिनीवर पडतं. टॉर्च न लावता प्राणी दिसावेत अशी ही वर्षातली उत्तम रात्र. 2026 ची बुद्ध पौर्णिमा 1 मेची, शुक्रवारची, म्हणजे शनिवार-रविवारला जोडूनच.

रात्रभराचं काम

आधी नाव नोंदवावं लागतं. ठरलेल्या दिवशी दुपारी वन विभागाचे लोक स्वयंसेवकांना मचाणावर पोहोचवतात. सोबत सहसा वनमजूर किंवा स्थानिक वाटाड्या असतो. मग सकाळपर्यंत खाली उतरायचं नाही.

हातात एक तक्ता असतो. त्यात कोणता प्राणी आला, किती वाजता आला, किती होते, नर की मादी, सोबत पिल्लं होती का, हे लिहायचं. संध्याकाळी मोर आणि चितळ, अंधार पडल्यावर सांबर, रानडुकरं, गवे, कधी अस्वल. वाघ येईलच असं नाही. माकडं खकरली किंवा सांबर ओरडलं, की वाटाड्या नुसतं बोट वर करतो आणि सगळे श्वास रोखून बसतात.

दोघांची खरी परीक्षा इथेच असते. रात्री तीन वाजता झुडपाआडून काहीतरी हलतं. त्याला वाटतं बिबट्या, तिला वाटतं कोल्हा. घरी असा वाद अर्धा तास चालला असता. इथे कुजबुजायचीही सोय नाही, म्हणून तक्त्यात एवढंच लिहायचं : ओळख पटली नाही. जे दिसलं तेच लिहायचं आणि काही आलं नाही तर रकाना रिकामा ठेवायचा, हा या रात्रीचा पहिला नियम. वाघ दिसावा असं कितीही वाटलं, तरी तो कागदावर आणायचा नाही.

मग वाघ मोजतं कोण?

या उपक्रमाला पूर्वी प्राणिगणना म्हणत. पण एकच वाघ दोन पाणवठ्यांवर गेला तर दोनदा मोजला जाण्याची भीती असते. म्हणून 2006 पासून देशभरात दर चार वर्षांनी वाघांचा अंदाज कॅमेरा ट्रॅपच्या मदतीनं घेतला जातो. अंगावरच्या पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतो. 2022 च्या अंदाजानुसार देशात सरासरी 3,682 आणि महाराष्ट्रात 444 वाघ आहेत. मचाणावरच्या रात्रीला आता ‘निसर्गानुभव’ म्हणतात. तरीही कोणत्या पाणवठ्यावर कोण येतं, पिल्लं दिसतात का, हे त्या तक्त्यांतून कळतं. आणि शहरातल्या माणसाला जंगलाबद्दल आपुलकी वाटू लागते, हेही कमी नाही.

जायचं ठरवलंत तर

* नोंदणीची तारीख, शुल्क, वयाची अट दरवर्षी त्या त्या वन विभागाकडून जाहीर होते. जागा थोड्या असतात, त्यामुळे एप्रिलपासूनच लक्ष ठेवा.
* मातकट किंवा हिरवट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. सेंट, अत्तर नको.
* कुरकुर वाजणारी वेफर्सची पाकिटं नकोत. वास न सुटणारं, कोरडं खाणं न्या. कचरा परत आणा.
* फोन बंद ठेवा. फ्लॅश तर अजिबात नको.
* रात्री खाली उतरता येत नाही, त्यामुळे स्वच्छतागृहाची सोय काय आहे हे नोंदणी करतानाच स्पष्ट विचारा. पाळीची तारीख जवळ असेल तर तयारीनं जा. यात लाजण्यासारखं काही नाही.
* दम्याचा त्रास, रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
* तुमच्यापैकी एकजण घोरत असेल, तर झोपेच्या पाळ्या लावा आणि दुसऱ्यानं वेळीच कोपरखळी द्या!

सकाळी गाडी न्यायला येते तेव्हा पाठ आखडलेली असते, डोळे चुरचुरत असतात. तक्त्यात कदाचित सात चितळं, दोन मोर आणि एक ‘ओळख पटली नाही’ एवढंच असतं. दोघांनीही त्याखाली सही करायची आणि कागद वनरक्षकाच्या हाती द्यायचा. त्या पाणवठ्यावर रात्री कोण आलं होतं, हे आता जंगलाच्या दप्तरी लागलेलं असतं.