मोइसेस कैसेडो: ४५ लाख पौंडांचा खेळाडू साडेअकरा कोटींचा कसा झाला?

इक्वेडोरच्या सँटो डोमिंगोचा मोइसेस कैसेडो हा दहा भावंडांतला धाकटा. इंडिपेंडिएंटे डेल व्हाये क्लबच्या अकादमीत तो घडला. २०२१ मध्ये ब्रायटनने त्याला सुमारे ४५ लाख पौंडांत घेतलं. २०२३ मध्ये चेल्सीने बोनससह साडेअकरा कोटी पौंडांचा करार केला. तेव्हा तो ब्रिटनमधला विक्रम होता.

भाव का वाढला?
कैसेडो बचावफळीपुढे खेळतो, चेंडू हिसकावतो आणि लगेच पुढे पास देतो. बेल्जियममध्ये लोनवर खेळून परतल्यावर त्याने ब्रायटनच्या संघात जागा पक्की केली.

जुन्या क्लबला काय मिळतं?
फिफाच्या नियमानुसार ट्रान्सफर रकमेतले ५ टक्के १२ ते २३ या वयात खेळाडू घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. छोट्या अकादमीसाठी असा एक करार पुढच्या मुलांचा खर्च भागवू शकतो.