सुई-दोरा, लेखांक ७ : अंगडं, पण शिवण बाहेर

गेल्या आठवड्यात धावदोरा आणि तुरपाई झाली. या आठवड्यात त्या दोन्हींच्या बळावर तान्ह्या बाळाचं अंगडं शिवू. ढोकीच्या बाजारात तयार झबल्यांना तोटा नाही. पण त्यांची टीप बहुधा आतून असते, कडक असते, आणि बोलता न येणाऱ्या जिवाला ती दिवसभर टोचते. घरच्या अंगड्याची शिवण बाहेर ठेवता येते. दिसायला उलटं घातल्यासारखं वाटेल, वाटू द्या.

जपानमध्ये तान्ह्या बाळाच्या आतल्या कपड्याची, म्हणजे हादागीची, शिवणही अशीच बाहेरून असते. तिथे त्यासाठी साराशी नावाचं पांढरं सुती कापड वापरतात. त्याचा पन्हा जेमतेम ३४ सेंटिमीटर. आपल्याकडे त्याहून मऊ माल घरातच पडलेला असतो: आजोबांचं वापरून विरलेलं धोतर. नवं मांजरपाट घेणार असाल तर आधी भिजवून, धुऊन, वाळवून घ्या. आटायचं ते आधीच आटू दे. ढोकीजवळचं तेर म्हणजे जुनं तगर. तिथून भरपूर साधं सुती कापड भडोचच्या बंदराकडे जात असे, अशी नोंद पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. मलमलीचाही उल्लेख त्यात आहे, पण अंगड्याच्या कामाचं ते साधंच.

कापड खांद्यावर दुमडा, म्हणजे खांद्याला शिवणच येत नाही. पाठ एक वीत चार बोटं रुंद. पुढचा भाग मधोमध कापून दोन्ही कडांना चार-चार बोटांची पट्टी जोडा, तरच एक बाजू दुसरीवर चढते. किमोनोतही पुढे अशीच जोडपट्टी असते. बाह्या सरळ चौकोनी आणि ऐसपैस हव्यात, कारण बाळ आपणहून हात घालत नाही. बाहीतून आपली बोटं आत घालून त्याचा हात ओढून घ्यावा लागतो.

आता शिवण. जपानी हातशिलाईत सुई जवळजवळ स्थिर राहते आणि कापडच तिच्यावर खालीवर खेळवतात. वाकळ शिवणाऱ्या बाईला हे नव्याने शिकवायला नको. चार-पाच टाके सुईवर घेऊन एकदम दोरा ओढायची तिला सवयच असते. दोरा एकेरी, गाठ बाहेर. कडा दुमडून तुरपाई करा, नाहीतर पहिल्याच धुण्यात सुतं सुटतील.

बाळाच्या किमोनोला पाठीवर मधली शिवण नसते. शिवणीच्या टाक्यांना डोळे मानतात आणि ते मागून येणारं अरिष्ट बघतात, असा तिथला जुना समज. म्हणून मोकळ्या पाठीवर रंगीत दोऱ्याने चार टाके मुद्दाम घालत, त्याला सेमामोरी म्हणत. आपण गालावर काजळाची तीट लावतो, तेव्हा हसायचं कारण नाही.

बटणं नकोत. बंद दोनच जोड्या. उजव्या पुढच्या कडेचा बंद डाव्या बगलेत आतून बांधायचा, डाव्या कडेचा उजव्या बगलेला बाहेरून. डावी बाजू वर येते, जपानी रीतीप्रमाणेच. उलट बांधणं तिथे मृताला. बंद वीतभरापेक्षा लांब नको आणि गळ्याजवळ तर एकही नको.

पुढच्या आठवड्यात टोपडं.