मोटारगाडीचे निलंबन व टायर, खडतर मार्गासाठी
रस्ता सोडून जाणाऱ्या जीपसारख्या गाडीचा तळ जमिनीपासून उंच राहावा म्हणून तिच्या स्प्रिंगा उंच करतात अथवा मोठे टायर बसवितात. दोहोंचे कार्य भिन्न आहे. उंच स्प्रिंगांमुळे सांगाडा उचलला जातो. अखंड आस व तिच्यावरील डिफरन्शियल मात्र पूर्वीच्याच उंचीवर राहतात. टायरचा व्यास ५ सेंमी. वाढविल्यास आस २·५ सेंमी. वर जाते. गुरुत्वमध्य उंचावल्याने गाडी उलटण्याचा धोका वाढतो; म्हणून टायर चिखलरक्षकास घासणार नाही इतकीच उंची वाढवितात.

कंधार (जि. नांदेड) परिसरात बालाघाटाच्या रांगांवर खडक व मुरूम, तर मन्याड नदीच्या खोऱ्यात काळी मृदा आहे. ही मृदा पावसाळ्यात फुगून चिकट होते आणि बारीक नक्षीत भरून बसते. खोल व विरळ नक्षीचा टायर फिरताना चिखल बाहेर फेकतो. खडकाळ वाटेवर टायरच्या बाजू मजबूत असाव्या लागतात. हवेचा दाब कमी केल्यास स्पर्शक्षेत्र वाढते. पक्क्या रस्त्यावर तो पूर्ववत करावा लागतो.

नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये मनाई आहे. यास्तव निर्मात्याने मान्य केलेल्या मापातील योग्य नक्षीचा टायर निवडणे हाच सुरक्षित मार्ग होय.